मोर्तब कोठे तुटते? हुजूर दफ्तरापासून फाइल सर्व्हरपर्यंत

१/
पुण्यातील कोणत्याही लहान कार्यालयात घडू शकेल असा प्रसंग. सकाळी फाइल सर्व्हरवरील सर्व कागद उघडतात. दुपारी तोच सर्व्हर कोणालाही ओळखत नाही. या यंत्राचा डोमेनशी असलेला विश्वाससंबंध तुटला आहे, असा संदेश पडद्यावर येतो. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की काम चालते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच होते. डिस्क शाबूत, केबल शाबूत, फायली जागच्या जागी. मग तुटते ते नेमके काय?

२/
प्रथम संज्ञा. फाइल सर्व्हर म्हणजे कार्यालयाचे सामाईक दफ्तर. कागद त्याच्यापाशी असतात; पण मागणारा माणूस खरोखर तोच आहे का, हे तो स्वतः ठरवत नाही. ते काम डोमेन कंट्रोलर नावाच्या दुसऱ्या यंत्राचे. त्याच्या अमलाखालील माणसे आणि यंत्रे मिळून डोमेन होते. महत्त्वाची गोष्ट अशी, की सर्व्हरचेही तेथे एक खाते असते आणि एक गुप्त पासवर्ड असतो. म्हणजे इतरांची ओळख विचारण्याआधी सर्व्हरला स्वतःची ओळख पटवावी लागते.

३/
कागद एकीकडे आणि अधिकाराचे मूळ दुसरीकडे, ही रचना पुण्याला नवी नाही. शाहू महाराजांचे निधन १५ डिसेंबर १७४९ रोजी झाले. त्यानंतर मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र पुण्यात स्थिरावले. हुजूर दफ्तर पुण्यात होते. त्यात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. चालते दफ्तर रोजचा कारभार पाही. एकबेरीज दफ्तर सर्व हिशेब एकत्र करून त्यांचे वार्षिक गोषवारे, म्हणजे तर्जुमे, तयार करी. रोजकीर्दीत दररोजची नोंद होई आणि कागद रुमालांत बांधून ठेवले जात.

४/
तथापि अधिकाराचे मूळ साताऱ्यात होते. पेशव्यांच्या शिक्क्यावर छत्रपतींचे नाव असे. नवा पेशवा गादीवर आला की वस्त्रे साताऱ्याहून येत. १७७४ मध्ये सवाई माधवरावांसाठी ती आली, तेव्हा ते अवघे चाळीस दिवसांचे होते. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात कितीही एकवटली, तरी साताऱ्याच्या नावाशिवाय पुण्याच्या कागदाला पूर्ण मान्यता नव्हती. येथे साम्याची मर्यादाही लक्षात घ्यावी: साताऱ्याचा अधिकार उत्तरोत्तर नाममात्र होत गेला, डोमेन कंट्रोलरचा अधिकार मात्र प्रत्येक क्षणी खरा असतो.

५/
कागद खरा कसा ठरे? माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब, मधे तारीख आणि दफ्तरात त्याची नोंद. यातील एकही खूण पुरेशी नव्हती. शिक्का खोटा बनवता येतो, तारीख मागची घालता येते. म्हणून हातातील सनद आणि दफ्तरातील नोंद एकमेकींशी ताडून पाहिली जाई. विश्वास एका वस्तूत नव्हता. तो दोन ठिकाणच्या दोन खुणा जुळण्यात होता. संगणकाच्या जाळ्यांनीही दोन शतकांनंतर हेच तत्त्व स्वीकारले.

६/
इनामाच्या सनदांच्या शेवटी एक ठरीव आज्ञा आढळते. स्थानिक अधिकाऱ्याने दरवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये. या पत्राची नक्कल करून घ्यावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी धारकाकडे परत द्यावे. हेतू स्पष्ट आहे. प्रत्येक खेपेस पुण्याला विचारणे अशक्य होते, म्हणून एकदा दिलेली खूण पुढे चालावी. मात्र राज्यकर्ता बदलला की सनद नवी करून घेण्याचीही रीत होती. खूण चालते, पण कायमची नव्हे.

७/
आता काळ १९७८, ठिकाण अमेरिका. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एका शोधनिबंधात प्रश्न मांडला: जाळ्यावरील दोन यंत्रांना परस्परांची ओळख नसेल, तर त्यांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवावा? त्यांचे उत्तर असे होते, की दोघांचाही विश्वास असलेला एक तिसरा असावा. प्रत्येकाचे गुपित केवळ त्या तिसऱ्याला ठाऊक असावे आणि त्यानेच दोघांची गाठ घालून द्यावी. पुण्याचा कागद साताऱ्याच्या नावाने चाले, त्यामागचे तर्कशास्त्र फारसे निराळे नव्हते.

८/
या योजनेत एक भेद राहिला होता. जुना, कधीकाळी खरा असलेला संदेश कोणी पकडून ठेवला आणि पुढे पुन्हा पाठवला तर? १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग आणि जिओव्हानी साक्को यांनी तो दाखवून दिला आणि उपाय सुचवला: प्रत्येक संदेशावर वेळ घालावी. त्या दिवसापासून घड्याळ हा विश्वासाचा भाग झाला. आजच्या बिघाडातील अर्धी गुंतागुंत या एका दुरुस्तीतून आलेली आहे.

९/
१९८३ मध्ये एमआयटी या विद्यापीठात अथेना प्रकल्प सुरू झाला. हजारो विद्यार्थी कोणत्याही यंत्रावर बसतील, मग ओळख कशी पटवावी? तेथे केर्बेरॉस ही पद्धत घडली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या अनेक मस्तकांच्या श्वानावरून हे नाव आले. तिची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये प्रमाणित झाली. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने तीच स्वीकारली आणि जगभरातील कार्यालयांत ती नकळत पोहोचली.

१०/
केर्बेरॉसमध्ये डोमेन कंट्रोलर ‘तिकीट’ देतो. हे तिकीट म्हणजे मुदतीची सनद होय. विंडोजमध्ये तिची मुदत नेहमीच्या मांडणीत दहा तासांची असते. तोवर तेच तिकीट दाखवून काम करता येते. कंट्रोलरला प्रत्येक वेळी विचारावे लागत नाही. बिघाड आला-गेला असा का वाटतो, याचे एक कारण येथे मिळते. मूळ संबंध सकाळीच तुटलेला असू शकतो. हातातील तिकिटे संपेपर्यंत तो कोणाच्या लक्षात येत नाही.

११/
म्हणून ‘दुपारी बंद पडले’ याचा अर्थ ‘दुपारी बिघडले’ असा होत नाही. तपासाची सुरुवात सर्व्हरच्या रोजकीर्दीपासून, म्हणजे इव्हेंट लॉगपासून करावी. तेथे नेटलॉगॉनच्या नावाने नोंदी सापडतात. ५७१९ क्रमांकाची नोंद सांगते की डोमेन कंट्रोलर सापडलाच नाही. ३२१० क्रमांकाची नोंद सांगते की तो सापडला, पण ओळख पटली नाही. पहिल्या नोंदीत वाट किंवा नाव चुकलेले असते, दुसरीत गुपित. हा भेद न करता केलेली दुरुस्ती केवळ अंदाज ठरते.

१२/
पहिला संशयित: वेळ. केर्बेरॉस दोन घड्याळांत नेहमीच्या मांडणीनुसार पाच मिनिटांपर्यंतची तफावत सहन करते. त्याहून अधिक फरक पडला की खरे तिकीटही नाकारले जाते. कारण जुना संदेश आणि चुकीचे घड्याळ यांतील फरक कंट्रोलरला कळू शकत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे: तारीख जुळली नाही, तर अस्सल कागदही संशयास्पद ठरतो.

१३/
मराठी कागदांतील तारखा हा स्वतंत्र अभ्यासच आहे. वर्ष शुहूर सनाचे, तेही अरबी संख्याशब्दांत: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२, म्हणजेच इसवी सन १७७१-७२. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरल्यावर सुरू होते, म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. महिना मात्र हिजरी आणि दिवस ‘छ’ म्हणजे चंद्र या खुणेने. शिवाय १६७४ पासून राज्याभिषेक शकही होता. ही सारी घड्याळे जुळवण्यासाठी मोडक जंत्री आणि खरे जंत्री सिद्ध झाल्या.

१४/
घड्याळे न जुळण्याचा अनुभव आणखी जवळचा आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईत मात्र ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. दोन्हींत फरक ३९ मिनिटांचा. प्रत्येक घड्याळ आपल्या परीने बरोबर होते. पण एकत्र काम करायचे तर ‘आपल्या परीने बरोबर’ असणे पुरत नाही.

१५/
संगणकांसाठी जंत्रीचे काम करणारी पद्धत डेव्हिड मिल्स यांनी उभारली. एनटीपी या नावाने तिचे पहिले प्रमाणपत्रक १९८५ मध्ये आले. डोमेनमध्ये उतरंड ठरलेली असते: सर्व्हरने वेळ कंट्रोलरकडून घ्यावी, मुख्य कंट्रोलरने ती बाहेरच्या विश्वसनीय स्रोताकडून. घोटाळा होतो तो सर्व्हर आभासी यंत्र असल्यास. तेव्हा ज्या यंत्रावर तो चालतो, तेही आपली वेळ त्याच्यावर लादते. एका घड्याळाला दोन धनी झाले की ते पुढे-मागे होत राहते.

१६/
दुसरा संशयित: नाव. प्रारंभीच्या जाळ्यात सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी प्रत्येकाने उतरवून घ्यायची असे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही विभागलेली नामव्यवस्था मांडली. विंडोजचे डोमेन तिच्यावरच उभे आहे. सर्व्हर कंट्रोलरला पत्त्याने ओळखत नाही; ‘या डोमेनचा कंट्रोलर कोठे आहे?’ असे तो डीएनएसला विचारतो. उत्तर चुकले, तर कंट्रोलर शेजारच्या खोलीत असूनही सापडत नाही.

१७/
येथे एक चूक वारंवार होते. सर्व्हरच्या मांडणीत पहिला डीएनएस कार्यालयाचा आणि दुसरा ‘असू द्यावा’ म्हणून इंटरनेटवरचा सार्वजनिक दिला जातो. पहिल्याकडून उत्तरास विलंब झाला की सर्व्हर दुसऱ्याकडे वळतो. तेथे कार्यालयातील डोमेनची नोंदच नसते. तो प्रामाणिकपणे सांगतो की असे नाव अस्तित्वात नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला की पहिल्याकडे परत जातो आणि सारे सुरळीत होते. चार दिवसांच्या अंतराने येणाऱ्या बिघाडाचे हे अत्यंत सामान्य कारण आहे. डोमेनमधील यंत्राला केवळ डोमेनचेच डीएनएस द्यावेत. बाहेरची चौकशी त्यांनी पुढे करावी.

१८/
तिसरा संशयित: गुपित. सर्व्हर आपला पासवर्ड नेहमीच्या मांडणीत दर ३० दिवसांनी स्वतःच बदलतो आणि कंट्रोलरला कळवतो. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिल्याने हा संबंध आपोआप तुटत नाही, कारण बदलाची सुरुवात यंत्राकडूनच होते. तो तुटतो सर्व्हर जुन्या अवस्थेत परत नेल्यास. दोन महिन्यांपूर्वीचा स्नॅपशॉट चढवला की सर्व्हरजवळ जुने गुपित राहते आणि कंट्रोलरजवळ नवे. राज्यकर्ता बदलल्यावर जुन्या शिक्क्याने पत्र लिहावे, तसे हे होते.

१९/
चौथा संशयित: तोतया. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पुढे त्यांच्या नावाने एक माणूस उभा राहिला. चौकशीत तो तोतया ठरला आणि कैदेत गेला. तरी १७७६ मध्ये सुटून त्याने कोकणात फौज जमवली. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. एका नावाचे दोन दावेदार असले, की जोवर निवाडा होत नाही तोवर प्रत्येक आज्ञा संशयास्पद ठरते.

२०/
जाळ्यातील तोतया बहुधा निष्पाप असतो. कोणी सर्व्हरची हुबेहूब प्रत करून चाचणीसाठी सुरू करतो, किंवा नव्या यंत्राला नजरचुकीने जुनेच नाव देऊन डोमेनमध्ये जोडतो. त्या क्षणी कंट्रोलरवरील खात्याचा पासवर्ड नव्या यंत्राचा होतो आणि मूळ सर्व्हर परका ठरतो. तंत्रज्ञ मूळ यंत्र पुन्हा जोडतो, तेव्हा दुसरे तुटते. दोघे आळीपाळीने एकमेकांना बाहेर काढत राहतात. नाव एक आणि यंत्रे दोन आहेत, हे कोणी पाहेपर्यंत.

२१/
पाचवे कारण वीज. खंडित वीज परत आली की सर्व यंत्रे एकदम सुरू होतात. स्विच किंवा कंट्रोलर जागा होण्याआधी सर्व्हर उठला, तर त्याला डोमेन दिसत नाही. मग तो स्वतःला अनोळखी जाळ्यात समजतो आणि फायरवॉलची दारे लावून घेतो. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील कार्यालयांनी हे पुष्कळ अनुभवले. जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर घड्याळही मागच्या एखाद्या वर्षी जाऊन बसते. उपाय साधा आहे: आधी स्विच, मग कंट्रोलर, शेवटी फाइल सर्व्हर.

२२/
दुरुस्तीचा क्रमही याच इतिहासातून निघतो. आधी वेळ, मग नाव, मग दुहेरी यंत्र आहे का ते पाहावे आणि अखेरीस गुपित. गुपित जुळत नसेल, तर सर्व्हरला डोमेनबाहेर काढण्याची गरज बहुधा नसते. पॉवरशेलमधील ‘टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनेल’ ही आज्ञा संबंध तपासते आणि ‘रिपेअर’ हा पर्याय जोडल्यास तो नव्याने बांधते. डोमेनमधून काढायचेच असेल, तर यंत्राच्या स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड आधी हाताशी असावा. अन्यथा यंत्र समोर असूनही त्यात शिरता येत नाही.

२३/
मूळ कारण न शोधता वारंवार पुन्हा जोडत राहण्याचे मोल काय असते, हे हुजूर दफ्तराच्या शेवटच्या पर्वात दिसते. नाना फडणीसांच्या काळापर्यंत दफ्तराची शिस्त मोठी होती. १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि त्यानंतर दफ्तराची आबाळ झाली. कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला. कागद लोकांनी घरी नेले तरी कोणी अडवले नाही. कागद नष्ट झाले असे नव्हे. कोणता कागद कोणाचा आणि कोठला, याची साखळी तुटली.

२४/
१७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुणे इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. आपला हक्क सिद्ध करण्याचे ओझे इनामदारांवर आले. हातातील सनद दफ्तरातील नोंदीशी ताडली जाऊ लागली. ज्यांची नोंद सापडली नाही, त्यांच्यापैकी अनेकांची इनामे खालसा झाली. कित्येक पिढ्यांचा भोगवटा असूनही दुसऱ्या टोकाची खूण हरवली होती. कारकुनांच्या हलगर्जीपणाची किंमत गावोगावच्या कुटुंबांनी दिली.

२५/
साखळी पुन्हा जोडण्याचे काम पुढील पिढ्यांनी केले. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून घराघरांतील कागद मिळवत राहिले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. प्रत्येक कागदाची तारीख, लेखक, ठिकाण आणि संदर्भ पुन्हा पडताळावा लागला. तुटलेला विश्वास जोडण्यास तो राखण्याहून कितीतरी अधिक श्रम लागतात.

२६/
म्हणून सर्व्हर पुढच्या वेळी डोमेन विसरला, तर यंत्र बंद करण्यापूर्वी चार ओळी लिहून ठेवाव्यात: नेमकी वेळ, नोंदीचा क्रमांक, दोन्ही घड्याळांतील फरक आणि त्या क्षणी डीएनएसने दिलेले उत्तर. दोन-तीन खेपांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की कारण बहुधा स्वतःच समोर येते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर काम चालू होते, पण त्या क्षणाची परिस्थितीही पुसली जाते. हुजूर दफ्तरातील कारकून दररोज रोजकीर्द लिहीत, ती उद्याच्या चौकशीसाठीच.